गावाच्या नावाने पुस्तक सापडले पाहिजे : स्थानिक इतिहास आणि कथा-कादंबरी विभागात नवी भर घालताना

तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याच्या टेबलावर पहिल्या काही आठवड्यांतच नव्या पुस्तकांचा गठ्ठा येऊन पडतो. दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवण्याची वही, कशी लिहायची हे त्याला कोणीतरी दाखवते; पण गठ्ठ्यातील एखादी शाळेची शताब्दी स्मरणिका, एखाद्या देवस्थानची पुस्तिका किंवा गावच्या लढ्यावरची कादंबरी कुठे ठेवावी, हे सहसा कोणी सांगत नाही. हा लेख त्या सहकाऱ्यासाठी आहे. यात स्थानिक इतिहास आणि कथा-कादंबरी या दोनच विभागांचा विचार केला आहे. उदाहरणे सांगली-सातारा भागातील आहेत, कारण माझे काम त्या भागात झाले. मात्र पद्धत कोणत्याही जिल्ह्यात लागू पडेल.

आमच्याकडे येणारा वाचक क्वचितच लेखकाचे नाव घेऊन येतो. तो विचारतो, ‘आमच्या गावाबद्दल काही आहे का?’ हा प्रश्न शाळकरी मुलगी विचारते, निवृत्त शिक्षक विचारतात, आणि पुण्या-मुंबईहून जत्रेला आलेला माणूसही हाच प्रश्न विचारतो. पुस्तक दाखल झाले, शिक्का बसला, कपाटात गेले, तरी या प्रश्नाला ते उत्तर म्हणून पुढे आले नाही, तर ग्रंथालयात भर पडली असे मी मानत नाही. पुढील सर्व पायऱ्या या प्रश्नाचे उत्तर देता यावे म्हणून आहेत.

पहिली पायरी : आपल्या भागाच्या बदललेल्या सीमा समजून घ्या

नव्या माणसाने पुस्तकांना हात लावण्यापूर्वी एक दिवस आपल्या जिल्ह्याची प्रशासकीय कहाणी समजून घेण्यासाठी द्यावा. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे १८८५ साली निघालेल्या सातारा गॅझेटियरमध्ये (जिल्ह्याची सविस्तर माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथात) वाळवा, तासगाव आणि खानापूर या तालुक्यांची माहिती सातारा जिल्हा म्हणून आलेली आहे, तर सांगलीचे स्वतंत्र गॅझेटियर थेट १९६९ मध्ये आले. सांगली, मिरज, जत ही त्या काळी संस्थाने होती आणि आटपाडीचा भाग औंध संस्थानात होता.

कुंडल हे एकच गाव घेतले, तरी ही गुंतागुंत नीट कळते. ते औंध संस्थानात होते. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, त्यानंतर जिल्हा बदलला, आणि आज कुंडल सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश सत्तेला समांतर चाललेल्या प्रतिसरकारचे कुंडल हे मोठे केंद्र होते. पण ते ‘सातारचे प्रतिसरकार’ म्हणूनच ओळखले जाते आणि त्यावरील पुस्तकांच्या शीर्षकांत बहुधा सातारा हेच नाव असते. म्हणजे कुंडलचा मुलगा आपल्या गावाची माहिती शोधायला आला, तर ती त्याला औंधच्या, साताऱ्याच्या आणि सांगलीच्या अशा तीन वेगवेगळ्या नावांखालच्या पुस्तकांत विखुरलेली मिळेल. हे ग्रंथालयातील माणसाला ठाऊक नसेल, तर त्या मुलाला ‘काही नाही’ असे उत्तर मिळते, आणि ते उत्तर खोटे असते.

इतर जिल्ह्यांतही असेच आहे. सिंधुदुर्गाचा १९८१ पूर्वीचा इतिहास रत्नागिरीच्या नावाखाली शोधावा लागतो, पालघरचा २०१४ पूर्वीचा ठाण्याच्या नावाखाली, आणि रायगडचा जुना उल्लेख कुलाबा म्हणून येतो. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर ही नावे अलीकडची असल्यामुळे जवळपास सर्व जुनी पुस्तके आधीच्या नावांची आहेत. आपल्या जिल्ह्यापुरता असा एक पानाचा तक्ता करून तो टेबलाच्या काचेखाली ठेवावा. त्यात जुने नाव, नवे नाव, बदलाचे वर्ष आणि आधीचे संस्थान किंवा जिल्हा, एवढे चार रकाने पुरतात.

दुसरी पायरी : स्थानिक इतिहासाची पुस्तके शोधून आणा

कादंबऱ्या विक्रेत्याच्या यादीतून मिळतात. स्थानिक इतिहास त्या यादीत नसतो. नवख्या सहकाऱ्याची सर्वांत मोठी चूक इथे होते, कारण तो यादीवर खुणा करतो आणि निवड झाली असे समजतो.

आपल्या तालुक्याविषयीची बहुतेक पुस्तके लेखकाने स्वखर्चाने काढलेली असतात, त्यांच्या पाचशे किंवा हजार प्रती छापलेल्या असतात, आणि त्या प्रकाशन समारंभात वाटून संपतात. त्यांवर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) नसतो, काहींवर किंमतही नसते. शाळांच्या सुवर्णमहोत्सवी व शताब्दी स्मरणिका, सहकारी साखर कारखान्यांचे आणि पाणीपुरवठा संस्थांचे रौप्यमहोत्सवी अंक, देवस्थान समित्यांच्या माहितीपुस्तिका, कुलवृत्तांत, स्वातंत्र्यसैनिकांचे गौरवग्रंथ, तालमींच्या आणि भजनी मंडळांच्या छोट्या पुस्तिका, हा सगळा इतिहासाचा कच्चा माल आहे. साखर कारखान्याच्या स्मरणिकेत जमिनी कशा घेतल्या गेल्या, पहिला गळीत हंगाम कधी झाला, कोणत्या गावचे किती सभासद होते हे छापलेले असते, आणि ही माहिती दुसऱ्या कोणत्याही ग्रंथात मिळत नाही.

ही पुस्तके मिळवण्यासाठी माणसांकडे जावे लागते. मुख्याध्यापक, ग्रामसेवक, देवस्थानचे पुजारी, तालुक्यातील छापखान्याचे मालक आणि निवृत्त शिक्षक या पाच जणांना वर्षातून एकदा भेटावे. त्यांत छापखान्याच्या मालकाला विशेष महत्त्व द्यावे, कारण तालुक्यात काय छापले गेले हे त्याला सर्वांच्या आधी कळते. आमच्याकडे अशा एका मालकाने छापलेल्या प्रत्येक पुस्तिकेची एक प्रत ग्रंथालयासाठी बाजूला ठेवण्याची सवय लावून घेतली होती, आणि दहा वर्षांत त्यातून एक अख्खे कपाट उभे राहिले.

मूलभूत संदर्भग्रंथांपैकी जुनी व नवी गॅझेटियरे आपल्याकडे आहेत का ते आधी पाहावे. नसतील तर राज्याच्या दर्शनिका (गॅझेटियर) विभागाने त्यांतील अनेक खंड संगणकावर वाचण्यासाठी उपलब्ध केले आहेत. आपल्या तालुक्याची पाने छापून, बांधून संदर्भ विभागात ठेवता येतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकेही संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. जुने मराठी पुस्तक खरोखर निघाले होते का, कोणत्या वर्षी आणि कोणी काढले, अशी शंका आली, तर शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडावी. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० या काळातील मराठी पुस्तकांची नोंद आहे. जिल्ह्याच्या मोठ्या ग्रंथालयात ती बहुधा असते.

देणगीदार कधी कधी पुस्तकांसोबत जुन्या मोडी लिपीतील कागदांचे रुमालही, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठेही, आणून देतात. ते दाखल नोंदवहीत चढवू नयेत आणि त्यांवर शिक्काही मारू नये. कागद सुती कापडात गुंडाळून ठेवावेत, देणगीदाराचे नाव व तारीख लिहून ठेवावी आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा शासनाचा पुराभिलेख विभाग यांचा सल्ला घ्यावा. असे कागद सांभाळण्याची व्यवस्था तालुक्याच्या ग्रंथालयात नसते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

तिसरी पायरी : कथा-कादंबरीची निवड

हा विभाग वाचकांच्या मागणीवर चालतो, आणि ते योग्यच आहे. देवघेवीच्या टेबलावर मागणी नोंदवही ठेवावी, महिन्याच्या शेवटी ती ग्रंथ निवड समितीपुढे मांडावी, आणि एखाद्या कादंबरीसाठी चार-पाच सभासद थांबलेले असतील तेव्हाच तिची दुसरी प्रत घ्यावी. अनुदानाची रक्कम हाती येईपर्यंत वर्ष संपत आलेले असते, त्यामुळे बरीच खरेदी मार्चच्या तोंडावर घाईने होते. म्हणून यादी वर्षभर तयार ठेवलेली असली, तर घाईत नको ती पुस्तके येत नाहीत.

मागणीबरोबरच आपल्या भागात घडणाऱ्या कादंबऱ्या आणि कथासंग्रह ग्रंथालयाने स्वतःहून घेतले पाहिजेत, मग त्यांना मागणी असो वा नसो. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातील माडगूळचे. त्यांची १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ‘बनगरवाडी’ औंध संस्थानातील माणदेशी गावात घडते. अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातील वाटेगावचे. ‘फकिरा’ ही त्यांची १९५९ मधील कादंबरी त्याच मुलखातील माणसांची आहे. अशा कादंबऱ्यांची चांगल्या बांधणीची एक प्रत देवघेवीबाहेर, स्थानिक कपाटात कायम राहील अशी व्यवस्था करावी. देवघेवीची प्रत हाताळून फाटते आणि पुढे नव्या आवृत्तीची वाट पाहण्यात वर्षे जातात.

चौथी पायरी : दाखल करणे

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ नुसार मान्यता असलेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, आणि वर्ग कोणताही असला तरी तपासणीला येणारे अधिकारी सर्वप्रथम दाखल नोंदवही पाहायला मागतात. तीत खाडाखोड करू नये. चूक झाली तर लाल रेघ मारून बाजूला दुरुस्ती व सही करावी. दाखल क्रमांक एकदा दिला की पुस्तक बाद झाले तरी तो दुसऱ्या पुस्तकाला देऊ नये. बिलातील पुस्तके प्रत्यक्ष आलेल्या पुस्तकांशी ताडून पाहावीत, पाने उलटून फॉर्म (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा संच) उलटासुलटा बांधला गेला नाही ना हे पाहावे, आणि मगच क्रमांक द्यावेत. एकदा शिक्का बसला की विक्रेता पुस्तक परत घेत नाही. बिलावर दाखल क्रमांक कोठून कोठपर्यंत आहेत ते लिहून सही करावी.

स्मरणिकांच्या बाबतीत एक मोह टाळावा. पातळ, पिना मारलेली पुस्तिका पाहून ती मासिकांच्या ढिगात ठेवावीशी वाटते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका शाळेची शताब्दी स्मरणिका अशीच मासिकांत ठेवली आणि वर्षअखेरीस ती जुन्या अंकांबरोबर रद्दीत गेली. पुढे त्या शाळेच्याच माजी विद्यार्थ्यांना ती हवी होती, आणि शाळेतही प्रत शिल्लक नव्हती. मला अजून त्याचे वाईट वाटते. तेव्हापासून पाने कितीही कमी असली, तरी गावाविषयीची प्रत्येक छापील वस्तू दाखल क्रमांक देऊनच आत घ्यायची, असा नियम मी पाळत आलो आहे. किंमत नसेल तर ‘विनामूल्य’ आणि ‘देणगी’ असे लिहावे, देणगीदाराचे पूर्ण नाव लिहावे, आणि वर्ष छापलेले नसेल तर प्रस्तावनेच्या तारखेवरून ते घेऊन चौकटी कंसात नोंदवावे.

शिक्का मुखपृष्ठामागील शीर्षकपानावर, ठरलेल्या गुप्त पानावर (प्रत्येक पुस्तकात खुणेसाठी ठरवलेल्या एकाच क्रमांकाच्या आतल्या पानावर) आणि शेवटच्या पानावर मारावा. नकाशावर, वंशावळीवर आणि छायाचित्रांवर मारू नये.

पाचवी पायरी : वर्गीकरण, आणि ऐतिहासिक कादंबरीचा प्रश्न

दशांश पद्धत, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार आकडे देणारी ड्यूई यांची पद्धत, वापरणाऱ्या ग्रंथालयात महाराष्ट्राच्या इतिहासाला ९५४.७९२ हा वर्गांक येतो, तर मराठी कथा-कादंबरीला ८९१.४६३. आपल्याकडे तालुक्याच्या इतिहासाची शंभर-दीडशे पुस्तके असतील, तर सर्वांना ९५४.७९२ देऊन त्याखाली गावाच्या किंवा तालुक्याच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरे लिहावीत. यापेक्षा लांब वर्गांक तयार करण्यात वेळ घालवू नये.

वाद होतो तो ऐतिहासिक कादंबरीवरून. मराठीत ही परंपरा जुनी आहे, रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ साली आली आणि ती मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. आजही ग्रंथालयात सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांत ऐतिहासिक कादंबऱ्या असतात, आणि अनेक वाचक त्यांतील संवाद व प्रसंग घडलेले म्हणूनच सांगतात. माझे मत स्पष्ट आहे. ऐतिहासिक कादंबरी, तिच्या मागे कितीही संदर्भसूची जोडलेली असली, तरी ८९१.४६३ मध्येच जाईल. तिला इतिहासाच्या कपाटात ठेवले, तर निबंध लिहिणारा विद्यार्थी तिच्यातील कल्पित संवाद अवतरण म्हणून उतरवतो, आणि दोष त्याचा नसतो, कारण कपाटावर ‘इतिहास’ अशी पाटी आपण लावलेली असते. बखर आणि पोवाडा यांबद्दल विचार थोडा वेगळा करावा लागतो. बखर हे इतिहासाचे साधन आहे, त्यामुळे ती इतिहासात ठेवावी. पोवाडा काव्यात ठेवून इतिहासाकडे त्याची जोडनोंद (दुसऱ्या ठिकाणाहून मूळ नोंदीकडे नेणारी नोंद) द्यावी.

लेखकाच्या नावाबाबत आडनाव आधी लिहावे. टोपणनाव असेल, तर पुस्तकावर जे नाव आहे त्याखाली नोंद करून दुसऱ्या नावाकडून ‘पाहा’ अशी जोडनोंद द्यावी. कवितेसाठी कुसुमाग्रज आणि नाटक-कादंबरीसाठी वि. वा. शिरवाडकर हे उदाहरण सर्वांना माहीत असूनही ही जोडनोंद नसल्याने वाचक हात हलवत परत गेलेले मी पाहिले आहेत.

सहावी पायरी : गावसूची

या लेखातील सर्वांत महत्त्वाचे काम हे आहे, आणि ते कोणत्याही नियमावलीत सापडणार नाही. गावसूची म्हणजे प्रत्येक गावाच्या नावाखाली त्याचा उल्लेख असलेल्या पुस्तकांची यादी. त्यासाठी जाड कागदाची पत्रे (कार्डे) घ्यावीत, एका गावाला एक, किंवा ग्रंथालयात ई-ग्रंथालय अथवा कोहा ही संगणक प्रणाली असेल, तर विषयाच्या रकान्यात गावाचे नाव टाकावे. कागदी पत्र असेल, तर वरच्या ओळीत गावाचे आजचे अधिकृत नाव, पुढे तालुका आणि जिल्हा लिहावा. दुसऱ्या ओळीत जुनी, बोलीतील आणि पर्यायी नावे लिहावीत. कराडला अनेक पुस्तकांत कऱ्हाड म्हटलेले असते. इंग्रजी गॅझेटियरमधील रोमन लेखन त्याहून वेगळे असते, आणि तेथील गावांच्या प्रकरणात नावे इंग्रजी वर्णक्रमाने येतात, हे विसरू नये. त्याखाली एकेका ओळीत पुस्तकाचे शीर्षक, वर्गांक, दाखल क्रमांक आणि मुख्य म्हणजे पृष्ठांक लिहावेत.

पृष्ठांक हा या सूचीचा प्राण आहे. आठशे पानांच्या गॅझेटियरमध्ये आपल्या गावावर अर्धे पान आहे, ते कोणते, हे वाचकाला हवे असते. म्हणून नवे पुस्तक आले की त्याची अनुक्रमणिका, सूची आणि परिशिष्टे चाळून त्यातील गावे काढावीत. सूची नसलेले पुस्तक असेल, तर प्रत्येक प्रकरणाची पहिली दोन पाने आणि छायाचित्रांखालच्या ओळी वाचाव्यात. एका पुस्तकाला साधारण अर्धा तास लागतो. गर्दी कमी असते त्या दुपारच्या वेळेत रोज एक पुस्तक केले, तर वर्षभरात तालुक्याचा बराचसा भाग हाती येतो.

याच पत्रावर कथा-कादंबऱ्याही लिहाव्यात, मात्र ओळीच्या सुरुवातीला ‘कादं.’ किंवा ‘कथा’ अशी खूण करून. माडगूळ या गावाच्या पत्रावर गॅझेटियरची नोंद, औंध संस्थानाचा इतिहास आणि माडगूळकरांची पुस्तके एकाखाली एक येतात, आणि कोणते पुस्तक कल्पित आहे हेही वाचकाला त्याच नजरेत कळते. कपाटे वेगळी ठेवूनही पुस्तके एकमेकांचा पत्ता सांगू लागतात. देवस्थानची पुस्तिका २९४.५ मध्ये, पैलवानाचे चरित्र चरित्रांत आणि कारखान्याची स्मरणिका अर्थशास्त्रात गेली, तरी गावाच्या पत्रावर ती सर्व एकत्र असतात. दिवाळी अंकांतील तालुक्याविषयीचे लेखही इथेच नोंदवावेत. ते अंक दोन महिन्यांनी कोणी उघडत नाही आणि त्यातला चांगला लेख तिथेच पडून राहतो.

सातवी पायरी : बांधणी आणि जपणूक

लोखंडी पिना गंजतात आणि कागद खातात, म्हणून पातळ पुस्तिकांच्या पिना काढून दोऱ्याने शिवून घ्याव्यात व जाड पुठ्ठ्याचे आवरण घालावे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून अक्षरे जातात. पातळ जपानी कागद आणि खळ वापरावी. पावसाळ्यात कपाटे भिंतीला टेकून ठेवू नयेत, कसर आणि वाळवीसाठी महिन्यातून एकदा तळाचे कप्पे रिकामे करून पाहावेत. दुर्मीळ पुस्तकाची छायाप्रत काढून ती वाचकाला द्यावी. त्यापूर्वी लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षे झाली आहेत का ते पाहावे, कारण आपल्याकडे ग्रंथस्वामित्व (कॉपीराइट) लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहते. मुदत संपली नसेल, तर संपूर्ण पुस्तकाची प्रत काढून देऊ नये.

आठवी पायरी : वाचकांपुढे ठेवणे

नवी पुस्तके महिनाभर प्रवेशाजवळच्या मांडणीवर ठेवावीत, इतिहास आणि कादंबरी शेजारी शेजारी, पण पाट्या स्वतंत्र असाव्यात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या त्या गावाच्या शाळेला पोस्टकार्ड पाठवावे: आपल्या गावाचा उल्लेख असलेले अमुक पुस्तक आले आहे, अमुक पानावर माहिती आहे. ते पोस्टकार्ड शाळेच्या फळ्याजवळ लागते आणि पुढच्या शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर त्या गावची मुले ग्रंथालयात येतात. त्यांच्यासोबत आलेले शिक्षक किंवा आजोबा गावसूचीचे पत्र वाचून हटकून काहीतरी दुरुस्ती सांगतात, एखाद्या वाडीचे जुने नाव किंवा घरी पडलेली एखादी पुस्तिका. ती त्यांच्या समक्ष पेन्सिलीने पत्रावर लिहावी, खाली तारीख घालावी, आणि पुस्तिका आणायला कधी येऊ ते त्याच वेळी विचारून ठेवावे.